सरदाराची अर्धी मिशी

पैज लागली ती कानावरून.

आमच्या चौकात सलून आहे. सलूनवाल्याची मिशी अशी, की माणूस दारात यायच्या आधी मिशी येऊन नमस्कार करते. म्हणून मी त्याला सरदार म्हणतो. समोर माझं दुकान, कुलपं-किल्ल्यांचं. धंदा कमी आणि टवाळक्या जास्त, असं आमची आई म्हणते, आणि आईला मी कधी खोटं पाडलेलं नाही.

तर त्या दिवशी सरदाराने पाद्रीचे केस कापले आणि माझ्याशी हुज्जत घालायच्या नादात एक कान पार उघडा पाडला, दुसरा तसाच झाकलेला. मग मागे आरसा धरून विचारलं, "कसं काय?"

आता या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे. मस्त. टकल्यानेसुद्धा हेच द्यायचं असतं.

पाद्रीने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. म्हणाला, "हा कान दिसतोय, तो दिसत नाही. पण तुम्ही मेहनत फार घेतलीत."

मी हसून हसून बाकावरून पडायचा राहिलो. सरदाराची मिशी थरथरली.

पाद्री म्हणजे काही खरा पाद्री नव्हे. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. माझ्या दुकानामागे त्याच्या ठेकेदार साहेबाची एक खोली आहे, त्यात तो आणि वहिनी राहतात. एक केळं खायचं असलं तरी आधी डोळे मिटून हात जोडतो, रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून चर्चला जातो, म्हणून मीच ते नाव पाडलं. उपदेश मात्र कधी करत नाही. मी एकदा म्हटलं, "अरे, तुमच्यात दुसऱ्यांना सांगायचं असतं ना?" तर म्हणाला, "माझा आवाज चांगला नाही." विषय संपला.

त्याच्यावर मी माझे सगळे प्रयोग करून झालेत. फुटपाथवर नाणं चिकटवून ठेवतो मी, हा माझा जुना छंद. माणूस वाकतो, नखाने उकरतो, मग कोणी पाहिलं का बघतो आणि चपलेचा अंगठा तपासल्याचं नाटक करतो. पाद्रीही वाकला होता. मी ओरडलो, "काय रे, काय शोधतोस?" तर म्हणाला, "नाणं काढत होतो. हाव सुटली." असा माणूस चेष्टेला काय कामाचा?

सरदार मात्र चिडलेला. पाद्री गेल्यावर म्हणाला, "कानाबद्दल खरं बोलायला काय जातंय? नाक माझं कापलं गेलं का त्याचं? स्वतःची शेपटी दारात अडकू दे, मग बघ. हरिश्चंद्राचाही शकुनीमामा होतो."

"पाद्रीचा नाही होणार."

"लाव पैज."

"लावली. रविवारपर्यंत तो एक जरी खोटं बोलला तर माझी अर्धी मिशी तू काढ. नाही बोलला तर तुझी अर्धी मी काढणार. भर चौकात, स्टुलावर बसवून. आणि जो कोणी विचारेल त्याला कारण सांगायचं."

सरदाराने मिशीवरून हात फिरवला, जशी काही ती परदेशी निघालीय. माझी मिशी म्हणजे काय, टूथब्रश. त्यामुळे पैजेत माझं फारसं काही जात नव्हतं. म्हणजे तेव्हा असं वाटलं.

दोन दिवस नुसती धमाल. सरदार पाद्रीला गाठून विचारायचा, "वहिनीच्या हातची भाजी कशी असते?" तर उत्तर, "रविवारची छान असते." वहिनी आत ऐकत होती. मग आतून भांडं आदळल्याचा आवाज. मी टाळ्या पिटल्या.

बुधवारी संध्याकाळी माझा धाकटा भाऊ दुकानात आला आणि शटर अर्धं खाली ओढलं. मी म्हटलं, "काय रे, पोलीस लागलेत का मागे?"

तो खाली बसला. किल्ल्या कापतो त्या मशीनखाली भुसा पडतो ना लोखंडाचा, त्यातच बसला. पँटचीही पर्वा नाही.

"दादा, सफाईवाल्या मावशीचा पाय गेला," म्हणाला.

धाकटा पाद्रीच्या हाताखाली लिफ्टचं काम शिकतो. मीच लावला होता तिथे, पाद्रीच्या पाया पडून. आधी त्याने पाच धंदे सोडलेले. इथे टिकला. आई शेजारणींना सांगायची, पोरगा आता इंजिनियरच आहे, फक्त कागद यायचाय.

झालं होतं ते असं. लिफ्टचं दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, दाराला तसा स्विच असतो. पण दुरुस्ती करताना दार उघडं ठेवून लिफ्ट चालवून बघावी लागते. मग हे लोक त्या स्विचला एक वीतभर वायर लावतात. वायर लावली की लिफ्टला वाटतं दार बंद आहे. लिफ्टची केलेली टवाळकीच म्हणा ना. काम झालं की वायर काढायची. ती विसरू नये म्हणून पाद्रीची पद्धत अशी, की ज्याने वायर लावली त्याने गळ्यात लाल फडकं बांधायचं, आणि वायर हातात आल्याशिवाय फडकं सोडायचं नाही. झोप आली तरी नाही, लघवीला गेलास तरी नाही.

"मग फडकं कुठे होतं?" मी विचारलं.

"चहा आला होता. हाताला ग्रीस होतं. हात पुसायला सोडलं आणि खिशात टाकलं."

फडकं खिशात गेलं आणि वायर डोक्यातून गेली. लिफ्ट चालू केली. त्या ऑफिसात सफाई करणारी मावशी बादली आणि मॉप घेऊन चढत होती. एक पाय आत, एक बाहेर. आणि उघड्या दारानिशी लिफ्ट वर निघाली.

"पाद्री कुठे होता?"

"शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक म्हातारे लिफ्टमध्ये अडकले होते, त्यांना काढायला गेले होते. मी फोनवर सांगितलं, झालं सगळं. ते म्हणाले, कर चालू."

"आणि वायर?"

धाकट्याने खिशातून लाल फडकं काढलं. त्यात गुंडाळलेली वायर. "लोक मावशीला उचलत होते तेव्हा मी काढली. कोणी बघितलं नाही. मग साहेब आले. त्यांनी मॉपचा दांडा बघितला आणि म्हणाले, हिनेच दांडा घालून दार उघडलं असणार, या बायका असंच करतात. सगळे हो म्हणाले."

"आणि तू?"

"मी पण हो म्हणालो."

मी शटर पूर्ण खाली ओढलं. खरं सांगतो, मावशीचा विचार माझ्या डोक्यात तेव्हा आलाच नाही. मी विचारलं, "पाद्रीला माहीत आहे?"

"त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं. मग मी सांगून टाकलं."

मेलो. अख्ख्या गावात एक माणूस खोटं बोलत नाही, आणि आमच्या पोराने नेमकं त्यालाच सांगितलं. आणि मी त्याच माणसावर पैज लावून बसलोय.

दुसऱ्या दिवशी पाद्री हॉस्पिटलला निघाला. मीही त्याच्याबरोबर निघालो. म्हटलं वाटेत पटवू. किल्लीवाल्याचा धंदाच तो, कुठे खाच कापली की फिरते ते बघायचं.

"हे बघ," मी म्हटलं, "तुला खोटं बोल असं कोण सांगतंय? तू फक्त गप्प बस. शनिवारी चौकशी आहे, सरकारी तपासणीवाला येणार आहे. तो विचारेल, तुम्ही तिथे होता का? तू म्हण, नव्हतो. खरंच नव्हतास! एकही शब्द खोटा नाही."

तो चालत राहिला. त्याचा चेहरा असा झाला होता, जसं कालपासून पोटात काही गेलंच नाही. बहुतेक गेलं नव्हतंच.

"आणि तुझं काय होईल ते बघ. चालू कर तूच म्हणालास. साहेब तुला काढेल. खोली त्याची आहे. वहिनीला घेऊन कुठे जाशील?"

"माहीत नाही."

"भीती नाही वाटत?"

"वाटते. काल शर्टाचं बटण लावता येईना."

वॉर्डात मावशी पलंगावर होती. पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरने पांढरा, वजनाला टांगलेला. डॉक्टर म्हणाले होते पाय राहील, पण सरळ चालणं विसरा. शेजारी तिचा नवरा डबा उघडून बसलेला, चमचा हातात धरून. ती खात नव्हती.

पाद्रीला बघून उठायला गेली. तिला वाटलं साहेबांनी पाठवलंय.

"साहेबांना सांगा हो," म्हणाली, "मुद्दाम नाही केलं मी. माझ्या लक्षातच नाही. मला तर वाटत होतं दार उघडंच होतं. पण सगळे म्हणतात म्हणजे मी दांडा घातला असेल. घातला असेल का हो मी?"

नवरा म्हणाला, "किती वेळा सांगायचो, घाई करू नकोस. आता कोण कामावर घेणार? जिथे जाईल तिथे सांगतील, हीच ती दार मोडणारी."

"चुकलंच माझं," ती म्हणाली. आणि पाद्रीची माफी मागितली. पाद्रीची!

पाद्री पलंगाशेजारी उभा होता. त्याने पलंगाची दांडी धरली. म्हणाला, "मावशी, तुम्ही दार उघडलं नाही. ते उघडंच होतं. तुम्हाला जे आठवतं तेच बरोबर आहे. शनिवारी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे."

मी मागून त्याचा शर्ट ओढला. खरंच ओढला, पोर ओढतं तसा.

बाहेर जिन्यात मी त्याला भिंतीला टेकवलं. "माझा भाऊ आत जाईल रे! पोलीस केस होईल! आईला काय सांगू?"

"त्याचं नाव मी नाही घेणार," पाद्री म्हणाला. "वायर राहिली होती आणि मी ती डोळ्यांनी न बघता चालू कर म्हणालो, एवढं माझं आहे. तेवढं मी सांगीन. पण विचारलं वायर कोणी लावली, तर मी लावली असं नाही म्हणता येणार. मी धाकट्याशी बोललोय. त्याने स्वतः सांगितलं तर बरं. मी त्याच्या शेजारीच बसणार आहे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग मला विचारलं तर सांगावं लागेल."

"एकदा! आयुष्यात एकदा बोल ना खोटं! तुझा देव काय वही घेऊन बसलाय?"

"देवाचं नंतर बघू," तो म्हणाला. "ती बाई आपल्याच डोळ्यांना खोटं समजायला लागलीय. मी गप्प बसलो तर ती तशीच मरेल. आणि मग रविवारी मी कुठल्या तोंडाने गाणार? कोणाला दाखवायला जातो मी तिथे?"

त्याचा आवाज फाटला. मी विचार केला, हा रडला तर बरं होईल, रडलेला माणूस वाकतो. पण तो रडला नाही. जिना उतरायला लागला, कठडा धरून, म्हाताऱ्यासारखा.

त्या संध्याकाळी खोलीतून भांडण ऐकू आलं. दुकानाची मागची भिंत पातळ आहे, आणि मी काही कान बंद करणाऱ्यातला नाही. वहिनी म्हणत होती, "सगळ्यांचा विचार करतोस, माझा कधी? मी या खोलीला स्वतःच्या हाताने रंग दिलाय." तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "प्रार्थना कर म्हणू नकोस मला. मी करतेय. तू जी करतोस ती नाही."

शनिवारी सकाळी मी ते केलं.

वहिनी एका शाळेत कामाला जाते. ती गेली आणि मी मागे जाऊन खोलीच्या दाराची कडी बाहेरून लावली. त्यात माझ्याकडचं सगळ्यात भारी कुलूप अडकवलं. किल्ली खिशात. आणि पायरीवर पेपर घेऊन बसलो. चौकशी दुपारच्या आत संपणार होती. वायर कोणाला माहीत नाही, पाद्री आलाच नाही, धाकट्याला मी बजावून ठेवलेलं, तोंड उघडलंस तर आईची शपथ. झालं, मिटलं.

आतून दार ओढल्याचा आवाज आला. मग थोडं थांबून, "तू आहेस का?"

"मी कोण?" मी म्हटलं.

"कुलूप उघड."

"कुठलं कुलूप? मला तर वाटतंय दार उघडंच आहे."

माझं मलाच ते वाक्य कुठे तरी बोचलं, पण मी पेपर वाचत राहिलो. पेपर उलटा होता.

सरदार दूध घेऊन चालला होता. थांबला. "आज काय नवीन खूळ?"

"नवीन कुलूप आलंय. तपासतोय, माणूस आत टिकतो का."

सरदार खो-खो हसला. दारावर टकटक केली. "काय पाद्रीबुवा, बरे आहात ना आत?"

आतून आवाज आला, "बरा नाहीये."

सरदार आणखी हसला. "बघ, अजून खरंच बोलतोय लेकाचा!" आणि गेला. मग समोरच्या माडीवरची आजी खिडकीतून ओरडली, "मेल्या, सोड त्या गरिबाला, तुझं वय काय!" तीही हसत होती. आयुष्यभर लोकांना हसवून ठेवलं की हा एक फायदा असतो. भर सकाळी माणूस कोंडला तरी लोक म्हणतात, काय गमत्या आहे.

"फोन आहे ना तुझ्याकडे?" मी दाराला तोंड लावून विचारलं. "कर ना कोणाला तरी. ओरड."

"फोन केला तर विचारतील कोणी कोंडलं," तो म्हणाला. "मला सांगावं लागेल."

"मग सांग की!"

"तूच उघड ना. तू उघडलंस तर कोणाला काही सांगायलाच नको."

मी पेपर बाजूला ठेवला. आत तो खाली बसल्याचं कळलं, दाराला पाठ लागल्यावर फळी करकरते तशी करकरली. आणि तो बोलायला लागला, माझ्याशी नाही. हळू आवाजात. आवाज खरंच चांगला नाही त्याचा, नाकात बोलतो. मावशीसाठी मागत होता, की तिला पुन्हा धीराने पाऊल टाकता येऊ दे. धाकट्यासाठी, की त्याच्या जिभेवरचं ओझं उतरू दे. मग माझ्यासाठी. मी म्हटलं आता शिव्या येतील, निदान देवाकडे तक्रार. तर म्हणाला, "बाहेर बसलाय त्याचं भावावर फार प्रेम आहे प्रभू, ते वाया जाऊ देऊ नकोस." आणि मग स्वतःसाठी, "मला भीती वाटते. दार उघडलं नाही तर बरं, असंही वाटतंय. तेवढं काढून टाक."

मी उठून उभा राहिलो. मला तिथून जायचं होतं, पण किल्ली माझ्याच खिशात. कोंडलेला माणूस तरी एका जागी असतो, माझं काय चाललं होतं माझं मलाच कळेना.

तेवढ्यात धाकटा गल्लीत शिरला. अंघोळ करून, केस चोपून बसवलेले. गळ्यात लाल फडकं.

"दादा, ते तयार झाले का? आम्ही एकत्र जायचं ठरलंय." मग त्याने कुलूप बघितलं. मग माझ्याकडे.

"गळ्यात काय घातलंयस ते?" मी म्हटलं. "काढ आधी!"

"वायर अजून माझ्याकडेच आहे ना," तो म्हणाला. "देऊन टाकीन, मग काढीन."

"आईची शपथ घातली होती मी!"

"आईला मी काल सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही. जेवली नाही." तो एक पाऊल पुढे आला. "दादा, ते काल पुन्हा हॉस्पिटलला आले माझ्याबरोबर. मी मावशीसमोर उभा राहिलो आणि एक शब्द निघाला नाही. मग ते बाहेर येऊन म्हणाले, मलाही पहिल्या खेपेला जड गेलं होतं. दादा, मला रोज लिफ्टमध्ये चढायचंय रे. उघड ना."

वीस-बावीस वर्षं मी लोकांची कुलपं उघडतोय. चोरांचीही उघडली असतील नकळत. त्या दिवशी किल्ली भोकात जाईना. धाकट्याने माझ्या हातातून घेतली आणि उघडलं.

पाद्री बाहेर आला. माझ्याकडे बघितलं, मान हलवली, जशी रोज सकाळी दुकानावरून जाताना हलवतो तशी. आणि दोघं चालायला लागले.

मी मागे गेलो. साहेबाच्या ऑफिसात टेबलापलीकडे साहेब, तपासणीवाला अधिकारी, बिल्डिंगचा मालक. खुर्चीच्या कडेवर मावशीचा नवरा. मी दाराशी.

"उशीर का?" अधिकाऱ्याने विचारलं.

"दाराला बाहेरून कुलूप होतं," पाद्री म्हणाला.

"कोणी लावलं?"

पाद्री म्हणाला, "ते मी सांगणार नाही. दुसरं सगळं सांगतो."

आणि सांगितलं. चालू कर मीच म्हणालो, वायर निघाली की नाही ते माझ्या डोळ्यांनी बघायला हवं होतं, बघितलं नाही. बाईंनी दाराला हातही लावला नव्हता. साहेबाचा चेहरा आधी लाल, मग पांढरा. "तू काय बोलतोयस कळतंय का तुला?" म्हणाला. पाद्री म्हणाला, "हो." त्याचे दोन्ही हात टेबलाखाली एकमेकांना धरून होते, दाराशी उभा राहिल्यामुळे मला दिसत होते.

अधिकारी म्हणाला, "वायर कोणी लावली होती?"

पाद्रीने तोंड उघडायच्या आत धाकटा उभा राहिला. खिशातली वायर काढून टेबलावर ठेवली आणि गळ्यातलं फडकं सोडलं. मग मावशीच्या नवऱ्याकडे वळला. "काका, मी," एवढंच म्हणाला, आणि रडायला लागला, शेंबूड येईपर्यंत.

नवरा बसल्या जागेवरून म्हणाला, "म्हणजे ती बरोबर सांगत होती." दोनदा म्हणाला. मग कोणाकडेही न बघता बाहेर पडला, जवळजवळ पळतच. हॉस्पिटलकडे.

गोड काही झालं नाही. साहेबाने दोघांनाही तिथल्या तिथे काढलं आणि पाद्रीला खोली सोडायला सांगितली. धाकट्यावर केस होणार की नाही ते अधिकारी वरच्यांना विचारणार आहे. आई माझ्याशी बोलते, धाकट्याशी बोलते, पण पाद्रीचं नाव काढलं की उठून आत जाते.

रविवारी सकाळी मी दुकान उघडलं तर समोर चौकात स्टूल मांडलेलं. सरदार त्यावर बसलेला, गळ्यात त्याचाच पांढरा कपडा, हातात वस्तरा.

"ये," म्हणाला. "चर्च सुटायच्या आत."

"जाऊ दे रे."

"जाऊ कसं दे? पैज ती पैज."

"मी हरलो असं समज," मी म्हटलं. "कोणी कोंडलं ते त्याने सांगितलं नाही. ते खोट्यासारखंच झालं. काढ माझी."

"सांगणार नाही म्हणाला, धाकट्याने सांगितलं मला. माहीत नाही असं म्हणाला का? मग खोटं कसलं?" सरदाराने वस्तरा माझ्या हातात दिला. मिशीला साबण त्याने आधीच लावून ठेवला होता. "त्या माणसाने राहतं घर घालवलं, मी अर्धी मिशी घालवू नको? चल."

लोक जमायला लागले. कोणी शिट्टी मारली. मी वस्तरा टेकवला. एरवी या क्षणासाठी मी वर्षभराची कमाई दिली असती. सरदार ओठ न हलवता, मलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "दुधाच्या वेळी मी हसलो होतो दारावर टकटक करून. ती टवाळकी नव्हती ना?"

मी मान खाली घातली.

"हात स्थिर ठेव," तो म्हणाला.

अर्धी मिशी गेली. पांढऱ्या कपड्यावर एवढा मोठा काळा झुपका. चौक हसून लोळला. माडीवरच्या आजीने विचारलं, "अगं बाई, हे काय?" आणि सरदाराने ठरल्याप्रमाणे कारण सांगितलं. "मी म्हणालो होतो पाद्री खोटं बोलेल, नाही बोलला." दूधवाल्याने विचारलं, त्यालाही सांगितलं. मग तिसऱ्याला, चौथ्याला, आणि दरवेळी गोष्ट थोडी लांबत होती. आधी नुसता कान होता, मग लिफ्ट आली, मग मावशी. पाचव्याला सांगेपर्यंत कोणी हसत नव्हतं.

तेवढ्यात वहिनी आली. पाद्री आणि धाकटा चर्चमधून परस्पर खोली बघायला गेले होते, ही एकटीच. हातात दोरीचं बंडल, सामान बांधायला आणलेलं. गर्दी बघून थांबली.

"मिशीला काय झालं, भाऊजी?"

सरदार उठून उभा राहिला. सांगायला जड गेलं त्याला, पण सांगितलं. "वहिनी, मी पैज लावली होती. अडचणीत आला की तुमचा माणूस खोटं बोलेल म्हणून. हरलो."

वहिनीने त्याच्या उघड्या ओठाकडे बघितलं. मग खाली पडलेल्या केसांकडे.

"मीही तेच मागत होते," म्हणाली. "तीन दिवस. एकदा, एवढं एकदाच बोलू दे म्हणून. गुडघे टेकून मागत होते." तिने दोरी या हातातून त्या हातात घेतली. "मग आता माझं काय काढता?"

वस्तऱ्यावरचा साबण माझ्या मनगटावर ओघळत होता. सरदाराने स्टूल पुढे सरकवलं, म्हणाला, "बसा वहिनी, दोरी मी सोडवतो, गाठी बसल्यात." ती बसली. तो तिच्या पायाशी उकिडवा बसून गाठी सोडवायला लागला, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कोणी तरी हसत विचारलं, "काय सरदार, अर्धी कुठे गेली?" तेव्हा त्याने मान वर केली, साफ झालेली बाजू त्याच्याकडे केली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.